मांडणे आणि मोडणे : तात्पुरत्या कलाकृतीच्या शेवटाविषयी

'इन्स्टॉलेशन' या कलाप्रकाराला मराठीत 'मांडणशिल्प' हा प्रतिशब्द रूढ झाला आहे. पारिभाषिक शब्द घडविताना पुष्कळदा मूळ संकल्पनेपेक्षा अर्थ आकसतो. येथे नेमके उलट झाले आहे. इंग्रजी शब्दात एखादी वस्तू ठरावीक जागी पक्की बसविण्याची छटा आहे. मराठीतील 'मांडणे' या क्रियापदाला पक्के बसविणे मान्यच नाही. आपण पूजा मांडतो, भातुकली मांडतो, पट मांडतो, दुकान मांडतो, संसार मांडतो. यांपैकी प्रत्येक मांडलेली गोष्ट पुढे आवरावी, उचलावी किंवा मोडावी लागते, आणि ती कोणी, केव्हा व कशी आवरावी याचेही काही संकेत असतात. पूजा मांडली की उत्तरपूजा आलीच. भातुकली मांडणाऱ्या मुलीला ती आवरल्याशिवाय जेवायला बसता येत नाही. म्हणजे 'मांडणे' या शब्दाच्या पोटात 'मोडणे' अध्याहृत आहे. कलाकृतीला आपण मांडणशिल्प म्हणू लागलो, तेव्हा ही अध्याहृत जबाबदारीही तिच्यावर आली. तिची दखल आपल्या समीक्षेने फारशी घेतलेली नाही, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

हा प्रश्न विशेषेकरून उपस्थित होतो तो शहरातील सार्वजनिक उद्यानात काही दिवसांपुरत्या उभ्या केलेल्या निसर्गविषयक मांडणशिल्पांच्या संदर्भात. मुंबईत १९९९ साली काळा घोडा कला महोत्सव सुरू झाला. महोत्सवाचे नऊ दिवस तेथील रस्ते आणि मोकळ्या जागा मांडणशिल्पांनी भरून जातात. त्यानंतर अशा रचना मोठ्या शहरांतील प्रेक्षकांच्या परिचयाच्या झाल्या. टाकाऊ बाटल्यांचा मासा, तारेचा वृक्ष, कापडाची नदी. बाजूला एक फलक, त्यावर पर्यावरणाविषयी चार वाक्ये. आणि मुदत संपली की कंत्राटदाराचा ट्रक. या साऱ्यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. तथापि यांपैकी बहुतेकांविषयी जे लिहिले जाते, ते त्यांच्या दिसण्याविषयी आणि फार तर त्यांच्या संदेशाविषयी असते. ट्रकविषयी कोणीच लिहीत नाही. ट्रक ही कलाबाह्य, व्यवस्थापकीय बाब आहे, असे आपण गृहीत धरलेले असते.

हे गृहीतक तपासण्यापूर्वी उद्यानाचाही थोडा विचार करावयास हवा. सार्वजनिक उद्यान ही निसर्गाची एक मांडणीच आहे, मात्र न मोडण्याच्या प्रतिज्ञेवर उभारलेली. 'फुले तोडू नयेत' हा फलक म्हणजे त्या प्रतिज्ञेचे सर्वांत थोडक्यातले विधान होय. वाफे, कुंपण, माळ्यांची पाळी, पाण्याचे नळ हे सर्व दृष्टीआड राहील अशा रीतीने रचलेले असते. त्यामुळे तेथे आलेल्या नागरिकाला आपण निसर्गात आलो आहोत असे वाटते. अशा ठिकाणी निसर्गाविषयीची दुसरी एक मांडणी आणून ठेवणे म्हणजे मांडणीवर मांडणी करणे. ती पहिल्या मांडणीला उघडी पाडणार, की तिच्यावर आणखी एक झूल घालणार, यावर तिचे मोल पुष्कळसे अवलंबून असते.

ख्रिस्तो आणि जान-क्लोद या दांपत्याने न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये १२ ते २७ फेब्रुवारी २००५ या सोळा दिवसांत उभारलेली 'द गेट्स' ही या प्रकारातील बहुधा सर्वांत गाजलेली कृती. केशरी कापडाच्या झालरी लावलेल्या ७,५०३ कमानी, सुमारे ३७ किलोमीटर लांबीच्या पाऊलवाटांवर. कल्पना १९७९ सालची. १९८१ मध्ये ती नाकारली गेली आणि प्रत्यक्षात यायला आणखी दोन तपे लागली. सारा खर्च कलावंतांनी स्वतःच्या रेखाटनांच्या विक्रीतून केला, आणि नंतर कमानींचे साहित्य पुनर्वापरासाठी देऊन टाकले. या दांपत्याच्या बाबतीत 'शेवट' ही कलाबाह्य बाब नव्हती, हे मान्य केले पाहिजे; कृती ठरलेल्या दिवशी नाहीशी होणार हा त्यांच्या कलाविचाराचा गाभाच होता. परंतु नाहीसे होणे म्हणजे येथे काय? उद्यान पूर्ववत होणे. सोळा दिवसांनंतर सेंट्रल पार्क जसे होते तसे परत मिळाले, आणि ते तसेच मिळावे ही कराराची अटही होती. निष्पर्ण झाडांमधून फडफडणारा तो केशरी रंग ज्यांनी पाहिला, त्यांनी काहीतरी देखणे पाहिले यात शंका नाही. (आपल्याकडे तोच रंग त्याच कमानींवर लावला असता, तर सोळा दिवसांत त्याचे किती अन्वयार्थ झाले असते, हा विचार बाजूला ठेवू.) तरीही उद्यानाने स्वतःविषयी जी समजूत करून दिलेली असते, तिला या कृतीने हात लावला नाही. तिचा शेवट निर्दोष आहे, पण तो रिकामा आहे.

याच्या तेवीस वर्षे आधी त्याच शहरात एक वेगळी कृती घडली होती. बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या ॲग्नेस डेनेस यांनी १९८२ च्या उन्हाळ्यात मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला, बॅटरी पार्कच्या भरावावर, दोन एकर गहू पेरला. वॉल स्ट्रीट तेथून हाकेच्या अंतरावर. समोर पाण्यापलीकडे स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा. मागे वर्ल्ड ट्रेड सेंटरचे दोन मनोरे. हा भराव त्याच मनोऱ्यांच्या पायाच्या खोदकामातून निघालेल्या मातीदगडांचा होता. त्यातले दगड आणि कचरा वेचून काढला गेला, दोनशे ट्रक माती आणून पसरली गेली, हातांनी २८५ सऱ्या काढून त्यांत बी टाकले गेले. मे महिन्यात पेरणी झाली. निंदणी, खत, पाणी हे चार महिने चालले. १६ ऑगस्टला कापणी झाली आणि हजार पौंडांहून अधिक गहू निघाला. जमिनीची त्या वेळची किंमत साडेचार अब्ज डॉलर सांगितली जाई. त्या किमतीच्या जागेत गहू पेरणे हा आर्थिक वेडेपणा होता, आणि तो वेडेपणा दिसावा हाच कृतीचा हेतू होता. 'वीटफील्ड' या नावापुढे डेनेस यांनी 'कन्फ्रंटेशन', म्हणजे 'सामना', हा शब्द जोडला होता. पुढे तेथे बॅटरी पार्क सिटी उभी राहिली. कापलेला गहू मात्र संपला नाही. जागतिक भूक संपविण्याच्या उद्देशाने भरविलेल्या एका प्रदर्शनासोबत १९८७ ते १९९० या काळात तो जगातील अठ्ठावीस शहरांत फिरला, आणि लोकांनी त्यातले दाणे पेरण्यासाठी नेले.

येथे शेवट रिकामा नाही. कापणी हा पिकाच्या स्वभावातूनच आलेला शेवट आहे. तो कोणी बाहेरून ठरविलेला नाही. शेवटी हाती काहीतरी उरते, आणि ते कोणाकडे तरी जाते. तात्पुरत्या कलाकृतीचा विचार करताना ती किती दिवस टिकली हा प्रश्न तुलनेने गौण आहे. ती कोणी मोडली, आणि मोडल्यावर उरलेले कोणाकडे गेले, हे दोन प्रश्न विचारले की कृतीचे खरे स्वरूप उलगडू लागते. या दोन प्रश्नांची उत्तरे ज्या कृतीच्या रचनेतच असतात, तिची तात्पुरतेपणाशी नाळ जुळलेली असते. जिच्याबाबत ती उत्तरे महापालिकेच्या परवानापत्रात शोधावी लागतात, ती केवळ अल्पायुषी असते.

हा भेद मनात ठेवून आता बऱ्याच दूरच्या एका ठिकाणी जावयाचे आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यात फुलसावंगी हे गाव आहे. गावाच्या नावात फूल आहे, पण शहरी अर्थाने ज्याला उद्यान म्हणतात त्याची तेथे गरज कोणाला भासावी असे ते गाव नव्हे. भोवती कापूस, सोयाबीन, तूर यांची वावरे आणि बंजारा समाजाचे तांडे. पुसद, महागाव, उमरखेड हा सारा पट्टाच तांड्यांचा. येथे श्रावणात तीज असते. तांड्यातील अविवाहित मुली नायकाची परवानगी घेऊन दुरड्यांमध्ये माती आणि खत भरतात आणि त्यांत गहू पेरतात. साऱ्या दुरड्या एका ठिकाणी उंचावर ठेवल्या जातात. रोज मुली गात गात पाणी आणतात आणि शिंपतात. गोकुळाष्टमीच्या सुमारास अंकुर वीतभर झालेले असतात. मग मातीच्या गणगोरीची पूजा होते, आणि दुसऱ्या दिवशी तीज वाहत्या पाण्यात शिरविली जाते. त्यापूर्वी अंकुर उपटून नायकाच्या आणि वडीलधाऱ्यांच्या पागोट्यात खोचतात. विसर्जनाच्या वेळी मुली रडतात, आणि हे रडणे विधीचा भाग असले तरी खोटे नसते. तांड्यागणिक तपशील बदलतो, ढाचा हाच. घटस्थापनेला घरोघरी घटाभोवती धान्य पेरणाऱ्या आणि दसऱ्याला त्याचे तुरे टोपीत खोचणाऱ्या वाचकाला तो अपरिचित वाटू नये.

तीज आणि डेनेस यांचे शेत शेजारी ठेवले की पहिल्यांदा साम्य डोळ्यांत भरते : दोन्हीकडे गहू, दोन्हीकडे तो वाढविणाऱ्या स्त्रिया, दोन्हीकडे ठरलेली मुदत. परंतु साम्यापेक्षा एक फरक अधिक बोलका आहे, आणि तो आपल्या अपेक्षेच्या अगदी उलट आहे. यवतमाळात गहू हे रब्बीचे पीक. श्रावणात तेथे कोणी शेतात गहू पेरीत नाही. तिजेचा गहू हा हंगामाबाहेरचा, कधीही ओंबी न धरणारा, धान्य म्हणून सर्वस्वी निरुपयोगी असा गहू आहे. उलट न्यूयॉर्कचा गहू रीतसर पिकला, कापला गेला, वजन करून मोजला गेला. म्हणजे ज्या समाजाचे जगणे शेतीवर अवलंबून आहे, त्याने उपयोगापासून मुक्त अशी वनस्पती वाढविली. आणि ज्या शहराला शेतीशी देणेघेणे नाही, तेथील कलावतीने उपयुक्त पीक काढले. कांटने सौंदर्याच्या अनुभवाला लावलेली निर्हेतुकतेची कसोटी लावावयाचीच झाली, तर ती तिजेच्या दुरडीला अधिक सहजपणे लागू पडते. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद या दोन ध्रुवांच्या दरम्यान कलाविचार कसा हेलकावत असतो, याची दीर्घ चिकित्सा केली आहे. त्या परिभाषेत बोलायचे तर येथे दोन्ही ध्रुवांनी जागा बदललेल्या दिसतात. विधी अलौकिकाकडे झुकतो आणि कला हिशोबाच्या वहीकडे.

आता दुसरा फरक. डेनेस यांच्या शेताचा प्रेक्षक आणि त्याचे भागधारक हे एक नव्हते. ज्याने सऱ्या काढल्या तो, जो कचेरीच्या खिडकीतून पाहत होता तो, आणि ज्याला पाच वर्षांनी दूरच्या शहरात मूठभर दाणे मिळाले तो, ही तीन वेगळी माणसे. तिजेत मोडण्याच्या क्षणी ही माणसे एकत्र येतात. जिने पाणी घातले तिनेच अंकुर उपटावयाचा, आणि ज्याच्यापुढे परवानगीसाठी उभे राहिली त्याच्याच डोक्यावर तो खोचावयाचा. कृतीचा शेवट हे येथे एक वाटप आहे. 'फुले तोडू नयेत' या फलकाच्या सृष्टीत असा शेवट सुचणेच कठीण; तेथे तोडणे हा गुन्हा आहे, तर तिजेत न तोडणे ही अपूर्णता ठरेल.

मराठी सौंदर्यविचारापाशी या ठिकाणी एक अडचण येते. बा. सी. मर्ढेकरांनी कलाकृतीच्या संघटनेचे तत्त्व म्हणून 'लय' ही संकल्पना मांडली आणि संवाद, विरोध व समतोल असे तिचे तीन नियम सांगितले. हे तिन्ही नियम कलाकृतीचे घटक परस्परांसमोर उपस्थित आहेत असे धरून चालतात. संगीतात काळ आहे, पण तोही शेवटी एका पूर्ण आकृतीत गोळा होतो. 'लय' या शब्दाचा दुसरा जुना अर्थ, उत्पत्ती आणि स्थिती यांच्यापुढचा लय, मर्ढेकरांच्या विचारात आला नाही. येण्याचे कारणही नव्हते, कारण त्यांच्यापुढची चित्रकृती वा कविता विरघळणारी नव्हती. परंतु तिजेची दुरडी किंवा शाडूची मूर्ती यांच्याबाबत पहिल्या लयीचा विचार दुसऱ्या लयावाचून पुरा होत नाही. दहाव्या दिवशी जे पाण्यात जावयाचे आहे, त्याची दुरडी किती मोठी असावी, मातीत काय मिसळावे, ती उंचावर का ठेवावी हे सारे त्या शेवटाने आधीच ठरविलेले असते. विलय हा येथे घाटाचा घटक आहे. मर्ढेकरांचा सिद्धान्त यामुळे बाद होतो असे नव्हे. मात्र संवाद, विरोध आणि समतोल यांच्या शेजारी विलयाला स्थान दिल्याखेरीज तात्पुरत्या कलेची मीमांसा त्यांच्या मार्गाने करता येणार नाही, इतके म्हणता येईल.

शाडूचा उल्लेख आला म्हणून सांगावयाचे. द्रव्याने शेवटाला नकार दिला की सारी रचना कशी खोटी पडते, याचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती पाण्यात विरघळत नाहीत. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर त्यांचे भग्न अवयव दिसतात. त्यांविषयीची चर्चा प्रदूषणाच्या अंगाने होते आणि ती व्हायलाच हवी. परंतु समीक्षकाच्या दृष्टीने तेथे एक कलात्मक अपयशही आहे : मोडणे अध्याहृत असलेली कृती न मोडणाऱ्या द्रव्यात घडविली गेली. बाटल्यांच्या माशाचे अपयशही याच जातीचे. समुद्रातील प्लास्टिकचा निषेध करणारी कृती शेवटी प्लास्टिकचाच ढीग मागे ठेवते, तेव्हा तिचा संदेश आणि तिचा शेवट यांच्यात जो विरोध उत्पन्न होतो तो मर्ढेकरांच्या अर्थाने विरोधलय नव्हे. तो निव्वळ विसंवाद.

तथापि येथवरच्या विवेचनावरून कोणी असा निष्कर्ष काढू पाहील, की पाश्चात्त्यांना १९८२ साली जे सुचले ते आमच्या तांड्यांवर पूर्वापार चालत आले आहे. देशीवादाच्या चर्चेनंतर मराठी समीक्षेत हा युक्तिवाद फार स्वस्त झाला आहे, आणि तो येथे लागू पडत नाही. तिजेची दुरडी कोणाचा सामना करीत नाही. जी परवानगी तिला नायकाकडून मिळते, त्या परवानगीविषयी ती काही विचारू शकत नाही. अंकुर पागोट्यात खोचला जातो तेव्हा जी रचना मानाने मिरवली जाते, ती पुरुषांची आणि वडिलकीची आहे. मुलगी अविवाहित असेपर्यंतच तीज तिची. डेनेस यांना एखाद्या नायकाच्या डोक्यावर ओंबी खोचावी लागली नाही. उलट, शहराच्या सर्वांत धनवान कोपऱ्याला त्याच्या पायाखालच्या मातीची आठवण करून देण्याचे स्वातंत्र्य त्यांनी घेतले. विधीला शेवट वारशाने मिळतो. कलाकृतीला तो स्वतः शोधावा लागतो, आणि त्या शोधातूनच तिला प्रश्न विचारण्याचा अधिकार प्राप्त होतो. तिजेला मांडणशिल्प म्हणणे हा तिचा गौरव नाही. त्यामुळे ती पाळणाऱ्या मुलींना काही मिळत नाही. मिळते ते समीक्षकाला.

तरीही तिजेकडून शिकण्यासारखे जे आहे, ते एका युरोपीय कलावंताने जवळजवळ तशाच रीतीने साधले, हे नोंदविले पाहिजे. योगायोगाने तेही १९८२ सालीच. योझेफ बॉइस यांनी जर्मनीतील कासेल शहरात 'डॉक्युमेंटा' प्रदर्शनाच्या वेळी मुख्य इमारतीसमोर बेसाल्टच्या ७,००० शिळांचा ढीग रचला. ओकचे एक झाड लावले की एक शिळा उचलून त्याच्या शेजारी रोवायची, असा नियम. शहरवासीयांना तो ढीग अतिशय कुरूप वाटला. परंतु त्याला हलविण्याचा मार्ग एकच होता, आणि तो म्हणजे झाडे लावणे. बॉइस १९८६ मध्ये निवर्तले. १९८७ साली त्यांच्या मुलाने शेवटचे झाड लावले आणि ढीग संपला. मोडण्याचे काम नागरिकांच्या हाती देणारी, आणि मोडणे हेच लावणे ठरविणारी इतकी साधी रचना दुसरी आढळणे अवघड. 'द गेट्स'च्या कमानी निघाल्या तेव्हा उद्यान जसेच्या तसे राहिले. बॉइस यांचा ढीग निघाला तेव्हा शहर पूर्वीचे राहिले नव्हते.

आता 'निसर्ग' या शब्दाकडे वळणे प्राप्त आहे. 'निसर्ग' आणि 'विसर्जन' हे दोन्ही शब्द सृज् या एकाच धातूपासून आलेले. व्युत्पत्ती हा पुरावा होऊ शकत नाही, हे खरे. पण शहरी मांडणशिल्पांनी यांतील पहिला शब्द उचलला आणि दुसरा धार्मिक म्हणून सोडून दिला, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. फुलसावंगीसारख्या गावात 'निसर्ग' हा शब्द बोलण्यात क्वचितच येतो. तेथे वावर असते, रान असते, बरड असते, पाऊसपाणी असते, आणि यांतल्या प्रत्येक शब्दाबरोबर एक देणे-घेणे जोडलेले असते. 'निसर्ग' हा शब्द ज्याला त्या देण्याघेण्यातून सुटता आले आहे त्याचा. बालकवींपासून पुढे मराठी निसर्गकवितेची जी परंपरा आपण अभिमानाने सांगतो, तिच्या वाचकालाही ही मोकळीक बव्हंशी लाभलेली होती.

आणि हे देणे-घेणे महागाव तालुक्यात फार भयानक रूपात प्रकट झालेले आहे. याच तालुक्यातील चिलगव्हाण गावच्या एका शेतकरी कुटुंबाने १९ मार्च १९८६ रोजी सामूहिक आत्महत्या केली. महाराष्ट्रातील शेतकरी आत्महत्यांच्या सार्वजनिक इतिहासाचा आरंभ पुष्कळ जण या घटनेपासून मानतात. २०१७ सालापासून त्या दिवशी महाराष्ट्रात ठिकठिकाणी लोक एक दिवसाचा अन्नत्याग करू लागले. ही राजकीय कृती आहे. तिला कला म्हणण्याचा अगोचरपणा आपण करू नये. मात्र तिच्या रूपाकडे लक्ष द्यायला हरकत नाही. तीही तात्पुरती आहे, ठरलेल्या दिवशी सुरू होते आणि संपते. तिच्यात मांडण्याला वस्तूच नाही. धान्याच्या अभावाने ती घडते, आणि तिचा शेवट होतो तो घास घेण्याने, प्रत्येकाच्या स्वतःच्या हाताने. निसर्गाविषयी काही सांगू पाहणाऱ्या शहरी मांडणशिल्पाने या अन्नत्यागाशी तुलना केली जाण्याची तयारी ठेवली पाहिजे. ती तुलना कदाचित अन्यायाची असेल. परंतु डेनेस यांनी भुकेचा प्रश्न गव्हाच्या दाण्यांसोबत जगभर पाठविला तेव्हा ती तुलना त्यांनी स्वतःच ओढवून घेतली होती, आणि त्यांचे शेत तिला पुरून उरते.

विदर्भाच्या सीमेलगत, पांढुर्णा (पूर्वीच्या छिंदवाडा) जिल्ह्याच्या सौंसर तहसिलीतील पारडसिंगा येथे श्वेता भट्टड आणि 'ग्राम आर्ट प्रोजेक्ट' यांनी जे काम चालविले आहे, त्याचा विचार या संदर्भात करावा लागतो. 'मेक इन इंडिया'ची घोषणा २०१४ साली झाली. त्यानंतर तेथील शेतात पिकाच्या रेषांतून पंतप्रधानांची प्रतिमा उगवविण्यात आली, आणि भारतातच पिकवा अशी त्यांना केलेली विनंतीही. कल्पना धीट आहे. परंतु प्रस्तुत लेखकाला तिच्यात एक उणीव जाणवते : ती प्रतिमा उंचावरून, म्हणजे कॅमेऱ्यालाच पूर्ण दिसते. जी बाई तिच्यात वाकून निंदण करते तिला ती दिसत नाही. डेनेस यांच्या शेतात शिरलेल्या माणसाला गहू आणि मनोरे एकदम दिसत होते. येथे अर्थ वर आणि श्रम खाली अशी फाळणी झाली आहे. याच गटाने पुढे देशी कापसाच्या सुताच्या, आत बी असलेल्या राख्या केल्या. त्यांना कोणी मांडणशिल्प म्हणणार नाही, आणि वर्तमानपत्रांत त्यांचा उल्लेख येतो तो पर्यावरणस्नेही वस्तू म्हणून. रचनेच्या दृष्टीने पाहता मात्र त्या शेतातील प्रतिमेपेक्षा सरस आहेत. राखी काही दिवसांची. तिचा शेवट तिच्या द्रव्यातच आहे. आणि तो घडवून आणण्याचे काम ज्याच्या मनगटावर ती बांधली त्याच्यावर सोपविलेले आहे. तो ते करील की नाही, हे अनिश्चित आहे. तिजेत अशी अनिश्चितता नसते.

शेवटी पुनरावृत्तीचा एक मुद्दा उरतो. तीज दरवर्षी येते. गेल्या वर्षीची तीज कोणी जपून ठेवीत नाही, तिचे छायाचित्र नसले तरी अडत नाही. डेनेस यांचे शेत गेले आणि छायाचित्र उरले : हाती काठी घेऊन गव्हात उभी असलेली स्त्री आणि मागे उंच इमारती. २००१ नंतर या शेताच्या छायाचित्रांकडे पाहणाऱ्याला त्यांतील टिकाऊ काय आणि तात्पुरते काय, याचा क्षणभर संभ्रम पडतो, कारण गव्हामागचे ते मनोरेही आता नाहीत. ही अर्थवृद्धी कलावतीने योजिलेली नव्हती. २०१५ मध्ये हीच कृती मिलान शहरात, पोर्ता नुओव्हा भागातील नव्या गगनचुंबी इमारतींच्या सान्निध्यात, पुन्हा पेरली गेली. या वेळी सुमारे पाच हेक्टरांवर, आणि नामवंत प्रतिष्ठानांच्या पाठबळाने. १९८२ साली जो सामना होता तो तेहतीस वर्षांनी त्या इमारतींचा अलंकार झाला की काय, अशी शंका घ्यायला जागा आहे. विधीची पुनरावृत्ती ऋतू करवून घेतो. कलाकृतीची पुनरावृत्ती तिची कीर्ती करवून घेते. मिलानमध्ये पेरणी आणि कापणीला शहरातील लोकांना बोलावले गेले होते. त्यांनी गहू पेरला, कापला, काहींनी घरीही नेला असेल. परंतु ती जागा कोणाची आणि गव्हानंतर तिचे काय करावयाचे, हे ठरविणाऱ्यांत ते नव्हते. फुलसावंगीच्या तांड्यावरील मुलीही नायकाला परवानगीच विचारतात. फरक एवढाच, की तिथे मुली परवानगी मागायला कोणापुढे उभ्या आहेत, हे साऱ्या तांड्याला दिसत असते.